मागच्या भाताचं वाक्य

ताकभात कालवताना माझ्या तोंडात अजूनही एक इंग्रजी वाक्य येतं. ते मी गिळून टाकते, कारण समोर नात बसलेली असते आणि तिचं इंग्रजी इतकं चांगलं आहे की तिच्यापुढे मला मराठी बोलायचीही धास्ती वाटते. पण वाक्य येतं ते येतंच. माझ्या लहानपणी आमच्या घरात वाक्याशिवाय मागचा भात मिळत नसे.

आम्ही गिरगावात फणसवाडीच्या बाजूला एका चाळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी, आणि गॅलरीत दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या डाळीला फोडणी बसल्याचा आवाज. अण्णा, म्हणजे माझे वडील, फोर्टात एका इंग्रज कंपनीत पत्रव्यवहाराचे कारकून होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबाने त्यांना एक मीटिंग 'कॉल ऑफ', म्हणजे रद्द, करायला सांगितली होती. अण्णांना 'कॉल' माहीत होतं. 'ऑफ'कडे त्यांनी काणाडोळा केला आणि ज्यांना यायचं नव्हतं अशांनाही टॅक्सी पाठवून बोलावून आणलं. नोकरी कशीबशी वाचली, पण त्यांच्या मनाने घेतलं की इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं ते तोफांच्या जोरावर नव्हे, तर या शेपटीवाल्या क्रियापदांच्या जोरावर. मोठे शब्द डिक्शनरीत सापडतात, ते म्हणत. हे बारके मात्र शेपूट बदललं की स्वभाव बदलतात, आणि माणसाला देशोधडीला लावतात. आपल्या घरातलं कुणी असं फसायचं नाही, असा त्यांनी विडाच उचलला.

स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक दगडी पाटी टांगलेली असे. रविवारी सकाळी आंघोळ झाली की अण्णा तिच्यावर खडूने आठवड्याचं क्रियापद लिहीत. आमच्याकडे पहिला भात वरणाबरोबर, मग पोळी, आणि शेवटी ताकाबरोबर मागचा भात. हा मागचा भात पाहिजे असेल तर त्या क्रियापदाचं एक वाक्य बोलायचं. वाक्य आधी कुणी वापरलेलं नको, आणि मुख्य म्हणजे ते खरं असलं पाहिजे. "खोट्या वाक्याने व्याकरण येतं, भाषा येत नाही," असं अण्णा म्हणत. पाहुण्यांनाही सूट नव्हती. नाशिकचे एक दूरचे मामा नुसत्या पोळीवर उठले ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. आईला तेवढा नियम लागू नव्हता, कारण ती सगळ्यांच्या मागून जेवायची आणि तेव्हा तिला अडवायला कुणी जागं नसायचं. सगळ्यात जास्त हाल बापूकाकांचे. हे अण्णांचे धाकटे भाऊ, अविवाहित, तपकीर ओढणारे, आणि मागच्या भातावर त्यांचा विलक्षण जीव. वाक्य अडलं की ते ताकाच्या भांड्याकडे अशा नजरेने बघत की आई पदर तोंडाशी धरून ओट्याकडे वळायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. अण्णाही चळवळीच्या बाजूचे होते, पण बेताने. सभेला जायचे ते गर्दीच्या कडेला, छत्री घेऊन, आणि घोषणा देताना ओठ हलवायचे. चाळीतल्या बायका सत्याग्रहींसाठी पोळ्या करायच्या, त्यांचं गाठोडं परळला पोचवायचं काम माझ्याकडे आणि बापूकाकांकडे आलं होतं. मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. परळला गाठोडं ताब्यात घ्यायला एक उंच, काळासावळा तरुण उभा असायचा. सहदेव त्याचं नाव. म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठी शिकवायचा, काळाचौकीला एका खोलीत आईबरोबर राहायचा. वडील गिरणीत होते, ते वारले होते. पहिल्याच दिवशी गाठोडं सोडून त्याने विचारलं, "नुसत्या पोळ्याच? भात नाय काय?" मला राग आला. पुढच्या खेपेला मी डब्यात भात नेला. आणि मग नेतच राहिले, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "रविवारी जेवायला बोलाव त्यांना. बघू." आई माझ्याकडे बघत नव्हती. सहदेव आमच्यातला नाही, हे सगळ्यांना कळलं होतं, आणि ते कुणी उच्चारलं नाही. अण्णा स्वतःला सुधारक समजत. जातीवरून नाही म्हणणं त्यांना शोभलं नसतं, आणि हो म्हणणं त्यांना जमत नव्हतं.

रविवारी सहदेव आला. पाटीवर त्या दिवशी लिहिलं होतं, 'गिव्ह अप'. अण्णांनी पहिल्या भाताच्या वेळी त्याला नियम समजावून सांगितला आणि अर्थही. गिव्ह अप म्हणजे सवय सोडणं. गिव्ह अप म्हणजे हार मानणं. गिव्ह अप म्हणजे आपली जागा दुसऱ्याला देणं. गिव्ह अप म्हणजे आशा सोडणं. सहदेवने सगळं लक्ष देऊन ऐकलं. पोळी त्याने औषधासारखी खाल्ली. जन्मापासून भातावर वाढलेला माणूस तो. आईने ताकाचं भांडं पुढे आणलं, तेव्हा त्याने पानावर हात आडवा धरला.

"मला जमायचं नाही, अण्णा. मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत मी इंग्रजी बोलत नाही. शपथ आहे."

बापूकाकांचा घास हातातच राहिला. अण्णांनी शांतपणे विचारलं, "शपथ कुणी घालून दिली?"

"कुणी नाही. आमच्या चाळीतला एक जण मोर्च्याला गेला नि परत आला नाही. मी शिकवतो त्या वर्गातला होता. त्या दिवशी घेतली."

मग अण्णा म्हणाले, "शपथ मोडू नका. ती मोडायला सांगणारा मी कोण? पण मास्तर, या घराचा नियमही मी मोडणार नाही. तुम्ही या पानावर मागचा भात घेतलात की मी तुमच्या घरी येईन आणि तुमच्या आईशी बोलेन. तोवर रविवारी येत जा."

"येईन," सहदेव म्हणाला, आणि पाणी पिऊन उठला.

मुलीच्या बापाने मुलाच्या घरी बोलणं करायला जायचं, ही रीत. म्हणजे माझं लग्न आता मूदभर भातावर येऊन थांबलं होतं. पण खरी पंचाईत पुढच्या रविवारी कळली. आम्ही सगळे नव्या क्रियापदाची वाट बघत उठलो, तर पाटीवर तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. अण्णांनी जाहीर केलं की मास्तरांचं वाक्य झाल्याशिवाय क्रियापद बदलणार नाही. तेव्हा सत्याग्रह नुसता रस्त्यावर चालला होता असं जे पुस्तकांत लिहितात, ते खोटं आहे. आमच्या स्वयंपाकघरात दोन सत्याग्रही समोरासमोर बसत होते, आणि मधल्यामध्ये आम्ही उपाशी.

गिव्ह अपची वाक्यं तुम्हाला वाटतात तितकी नसतात. पहिल्या दिवसांत बापूकाका मजेत होते. "आय गिव्ह अप तपकीर," असं म्हणून ते रोज भात घेत. ते रोज सकाळी तपकीर सोडतही असत, चहा होईपर्यंत, आणि रोज नव्याने सोडली म्हणून वाक्यही नवं, असा त्यांचा दावा होता. पण वाक्य तेच तेच होतं म्हणून अण्णांनी ते बंद केलं. मग काकांनी पान सोडलं, नाटकं सोडली, दुपारची झोप सोडली, आणि शेवटी सोडायला काही उरलं नाही तेव्हा त्यांची तब्येत खरंच खालावली. मी ट्रॅममध्ये एका म्हातारीला बसायला जागा दिली आणि घरी येईपर्यंत ते वाक्य मनात धरून ठेवलं. त्यानंतर मी ट्रॅममध्ये मुद्दाम आधी जागा पकडायची, म्हणजे ती द्यायला मिळावी. पण एकदा जागा दिली की दिली. दुसऱ्या वेळी अण्णा म्हणाले, "म्हातारी बदलली म्हणून वाक्य बदलत नाही."

चाळीला आमची कणव आली. गॅलरीतून जाताना बायका वाक्यं देऊन जायच्या. "शालू, आमच्या जावयाने सिगारेट सोडली बरं का, घे तुला." "तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने खटला सोडला, बापूंना सांग." बदल्यात आई त्यांच्या घरी वाटीभर लोणचं पाठवायची. एकदा कुणीतरी सांगितलं की एक पाकीटमार स्वतःहून चौकीत हजर झाला, तेव्हा अण्णांना विलक्षण आनंद झाला. ही गिव्ह अपची आणखी एक तऱ्हा, आणि हिच्यात 'गिव्ह' आणि 'अप' यांच्या मधे माणूस जाऊन बसतो. "गेव्ह हिमसेल्फ अप. बघा, दोघं लांब झाले तरी नातं सुटत नाही." हे समजावताना आमटी गार झाली. सगळ्यात सुंदर वाक्य मात्र आईचं होतं, आणि तिला नियमही लागू नव्हता. शेजारच्या गोखलेकाकू तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि त्या आठवड्यात उठून पापड लाटायला बसल्या. आई भात वाढता वाढता म्हणाली, "डॉक्टर गिव्ह अप गोखलेकाकू. गोखलेकाकू नॉट गिव्ह अप." व्याकरणाने त्यात काय काय चुकलं होतं ते अण्णांनी बोलून दाखवलं नाही. नुसती मान डोलावली.

सहदेव मात्र दर रविवारी यायचा, वरणभात आणि पोळी खायचा, सगळ्यांची वाक्यं कान देऊन ऐकायचा आणि पानावर हात आडवा धरायचा. शपथ त्याने इतकी कडक पाळली होती की इंग्रजीचा शब्दही तोंडातून काढत नसे. बापूकाका मुद्दाम खोडी काढायचे. "काय मास्तर, ट्रॅमने आलात?" "नाही. रुळावरच्या गाडीने." "आणि तिकीट?" "ते घेतलं. पण त्याला काय म्हणायचं ते अजून ठरवलं नाही." अण्णासुद्धा मिशीत हसले. ते त्याला आवडायला लागले होते, की तो त्यांना, ते मला सांगता यायचं नाही. पण तो उठून गेला की अण्णा त्याच्या पानाच्या जागेकडे बघत बसत, आणि त्यांचा स्वतःचा मागचा भात अर्धाच राहायचा.

माझा धीर एका दुपारी सुटला. मुंबई मिळणार हे तोवर जवळजवळ ठरलं होतं, लोक पेढ्यांच्या गोष्टी करायला लागले होते. मी आईला म्हटलं, "भाताचं निमित्त आहे. अण्णांना ते नकोच आहेत." आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "निमित्त आहे, ते मलाही कळतं. पण माणूस निमित्त कधी शोधतो? सरळ नाही म्हणायचं नसतं तेव्हा. हे रोज रात्री मला विचारतात, एका खोलीत ती झोपणार कुठे? जातीचं विचारत नाहीत. म्हणजे तेही मनात असणारच. पण विचारतात ते हे." मी रडले. मला अण्णांचा राग आला होता आणि तो मला धरून ठेवता येईना.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी आमची चाळ खालपासून वरपर्यंत पणत्यांनी भरली होती. रविवार होता. आईने श्रीखंड केलं होतं, बापूकाकांनी नवी टोपी घातली होती, आणि सहदेव आला तो घसा बसलेला, डोळे लाल, कपाळावर गुलाल. त्याने येतानाच ट्रॅमला ट्रॅम म्हटलं, तेव्हा काकांनी टाळी वाजवली. चाळीतले अर्धे लोक आमच्या दाराबाहेर या ना त्या निमित्ताने उभे होते. पहिला भात झाला, पोळी झाली, श्रीखंड झालं. आईने ताकाचं भांडं उचललं आणि ती थांबली. सहदेव ताठ बसला. शपथ सुटली होती, आता त्याला कुणी अडवत नव्हतं, आणि तरी त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता. त्याने अण्णांकडे बघून एकेक शब्द वेगळा करत म्हटलं,

"माय मदर विल नॉट गिव्ह अप फिश. बट शी विल गिव्ह अप हर कॉट फॉर युअर डॉटर."

बाहेर कुणीतरी कुणाला तरी अर्थ सांगत होतं, माझी आई मासे सोडणार नाही, पण तुमच्या मुलीसाठी आपली खाट सोडेल. मी मान वर केली नाही. इतके महिने घरात जे कुणी उघड बोललं नव्हतं ते त्याने ताटावर ठेवलं होतं, मासेसुद्धा आणि खाटसुद्धा. अण्णांनी डोळे मिटून वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटल्यासारखं केलं.

"व्याकरण बरोबर आहे," ते म्हणाले. "वाढ त्यांना." आईने भात वाढला. तो इतका वाढला की ताक पानाबाहेर गेलं. मग अण्णा म्हणाले, "वाक्य खरं आहे की नाही, ते मात्र बघायला यावं लागेल."

पुढच्याच आठवड्यात अण्णा आणि मी काळाचौकीला गेलो. अण्णांनी ऑफिसचा कोट घातला होता. जिना चढताना ते दोनदा थांबले, आणि दर वेळी जणू दम लागला असं दाखवलं. खोलीत एकच खाट होती, आणि तिच्यावर नवी कोरी चादर. तिच्याखाली, भिंतीला लागून, एक गोधडी आणि उशी नीट वळकटी करून ठेवलेली. सहदेवची आई, आये म्हणायचे तिला, तिथे आधीपासूनच जमिनीवर झोपायला लागली होती. "सवय व्हयी ना," ती म्हणाली, म्हणजे सवय हवी ना. अण्णांनी वळकटीकडे बघितलं, खाटेकडे बघितलं. बसले मात्र नाहीत. आयेने दोनदा म्हटलं, "बसा ना खाटेर," तरी ते जमिनीवरच्या चटईवर बसले.

तिने त्या दिवशी घरात मासळी आणली नव्हती. सगळी भांडी चिंच लावून घासलेली दिसत होती. काळ्या वाटाण्यांचं सांबार, सोलकढी, आणि भात. पोळीचं नाव नाही. अण्णा पहिल्यांदा बिचकत जेवले, मग त्यांचा हात भरभर चालायला लागला. पानावरचा भात संपला. त्यांनी भाताच्या टोपाकडे बघितलं. आये टोपाजवळच बसली होती, हातात भातवाढी, आणि हलत नव्हती.

"माझ्या झीलान सगळा सांगल्यान हा माका," सहदेवकडे बोट करत ती म्हणाली. "तुमच्या घरात कायदो आसा. तसोच आमच्याकडे पण आसा. दुसरो भात व्हयो तर एक वाक्य बोलूक व्हया. आमच्या भाषेत."

सहदेवने तोंडावर हात ठेवला. त्याला हे माहीत नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. अण्णांचा चेहरा लाल झाला. आयुष्यभर शुद्ध मराठी आणि त्याहून शुद्ध इंग्रजी बोललेला माणूस, रिकामं पान पुढे घेऊन, पहिलीतल्या मुलासारखा वर छपराकडे बघत होता. मदतीला माझ्याकडे बघितलं, मी नजर चुकवली. आम्ही इतके महिने जे सोसलं, ते त्यांनाही एकदा कळू दे, असं मला वाटलं.

"माका," अण्णा म्हणाले, आणि अडकले. मग हळूच, "माका भात व्हयो."

"खरा बोलतात ना?" आयेने विचारलं.

"अगदी खरं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी पान पुढे केलं. आयेने वाढला तो भात त्यांनी संपवला, आणि मग न विचारता, न अडखळता पुन्हा एकदा तेच वाक्य म्हटलं. वाक्य तेच होतं, पण तिच्याकडे त्याला हरकत नव्हती.

घरी आल्यावर आईने पाण्याचा तांब्या पुढे करत विचारलं, "काय झालं?" पाय धुता धुता अण्णा म्हणाले, "तिच्या हातचा भात मऊ असतो," आणि आत जाऊन पंचांग काढलं.

रविवारी सकाळी बापूकाका सगळ्यांच्या आधी उठून पाटीकडे धावले. गिव्ह अप पुसलेलं होतं. त्यांनी जागच्या जागी हात जोडले, मग डोळे बारीक करून नवं अक्षर वाचलं आणि मटकन खाली बसले. पाटीवर लिहिलं होतं, 'व्हया'. खाली बारीक अक्षरात, भात व्हयो, आमटी व्हयी, मीठ व्हया.

जेवायला बसल्यावर काका म्हणाले, "अरे अण्णा, इंग्रजी तरी थोडं येत होतं. हे कुठून आणू?" अण्णा निर्विकारपणे पोळी मोडत होते. आईने ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "अहो, आता हे किती दिवस चालायचं?"

"ते जावयांना विचार," अण्णा म्हणाले.

तोवर अण्णा सहदेवला मास्तरच म्हणत. मी पानावर बसले होते, भात समोर होता, वाक्य तयार होतं, आणि मला ते बोलता आलं नाही. आईने काही न विचारता वाढलं. अण्णांनी ते बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य मागितलं नाही.